देवाच्या गुणांचे दोन रकाने

‘वाचकांचे प्रश्न’ या सदराकडे अलीकडे आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत, म्हणून ती या अंकात एकत्र घेतली आहेत. ख्रिस्ती श्रद्धा देवाविषयी सर्वसमर्थ, सर्वज्ञ, पवित्र, न्यायी, दयाळू असे जे शब्द वापरते त्यांचा अर्थ काय, आणि ते सगळे एकाच देवाला कसे लागू पडतात, हा तो विषय आहे. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे गाळून केवळ ठिकाणे दिली आहेत.

प्रश्न (मुलुंड) : आदरणीय पाळकसाहेब, सलाम. मी आमच्या मंडळीच्या संडे स्कूलमध्ये दहा ते तेरा वर्षांच्या मुलांना शिकवते. वर्गात ‘देवाचे गुण’ नावाचा जुना तक्ता आहे. त्यात दोन रकाने आहेत. डावीकडे हिरव्या शाईत प्रीती, दया, क्षमा, सहनशीलता. उजवीकडे लाल शाईत पवित्रता, न्याय, क्रोध, सर्वज्ञता. गेल्या रविवारी एका मुलीने विचारले, “टीचर, देव कधी कुठल्या बाजूचा असतो, हे आपल्याला कसं कळतं?” मला उत्तर देता आले नाही. हा तक्ता कसा दुरुस्त करावा?

उत्तर : त्या मुलीने तक्त्याचे वर्म ओळखले आहे, आणि आपण तिचा प्रश्न दडपून न टाकता इथवर आणलात याबद्दल आपले आभार मानतो. तक्त्यातला एकही शब्द चुकीचा नाही. चूक आहे ती मधल्या उभ्या रेघेत. ती रेघ रोज पाहणाऱ्या मुलाच्या मनात देवाचे दोन स्वभाव तयार होतात, एक घरातल्या आजीसारखा आणि दुसरा हजेरी घेणाऱ्या कडक मास्तरांसारखा, आणि मग आज समोर कोण येणार या धास्तीतच त्याची प्रार्थना सुरू होते.

पवित्र शास्त्रातल्या (बायबलमधल्या) निर्गम या पुस्तकाचे तेहेतिसावे आणि चौतिसावे अध्याय वर्गात सलग वाचून दाखवा. लोकांनी सोन्याचे वासरू करून त्याची पूजा केल्यानंतरचा तो प्रसंग आहे. मोशे देवाला विनवतो की, तुझे तेज मला दाखव. त्यावर देव म्हणतो की, मी माझा सगळा चांगुलपणा तुझ्यासमोरून चालवीन. पुढे सीनाय पर्वतावर आपल्या नावाची घोषणा करताना तो स्वतःविषयी जे सांगतो, त्यात दया आहे, कृपा आहे, अपार प्रेमदया व सत्य आहे, अन्याय व पाप यांची क्षमा आहे, आणि त्याच दमात हेही आहे की, दोषी माणसाला तो निर्दोष म्हणून सोडून देणार नाही. आपल्या तक्त्यातले दोन्ही रकाने तिथे एकाच घोषणेत आले आहेत, आणि त्या सगळ्याला मिळून देवाने आधीच दिलेले नाव ‘चांगुलपणा’ हे आहे.

या घोषणेतला ‘मंदक्रोध’ हा शब्द मुलांना जरूर उलगडून सांगा, कारण तो आपल्या मराठीला विलक्षण जवळचा आहे. शीघ्रकोपी माणसाचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असे आपण म्हणतो. मूळ हिब्रू भाषेतही रागाचे ठिकाण नाकच आहे, आणि देवाला लावलेल्या त्या शब्दांचा अक्षरशः अर्थ ‘लांब नाकाचा’ असा होतो. म्हणजे राग नाकाच्या शेंड्यापर्यंत पोहोचायला ज्याला फार वेळ लागतो असा. मुले हसतील, हसू द्या. क्रोध हा शब्द लाल शाईत आणि सहनशीलता हा शब्द हिरव्या शाईत लिहिणाऱ्याने हे लक्षात घेतले नाही की, पवित्र शास्त्राने दोहोंना एकाच जोडशब्दात बसवले आहे.

चर्चच्या विचारवंतांनी, ऑगस्टीनपासून (३५४–४३०) तेराव्या शतकातल्या थॉमस अक्वायनसपर्यंत, हीच गोष्ट तत्त्वज्ञानाच्या भाषेत मांडली. देव भागांचा बनलेला नाही, असे त्यांनी म्हटले. माणूस आणि माणसाचे गुण या वेगळ्या गोष्टी असतात: न्यायाधीश निवृत्त झाला, त्याची बुद्धी क्षीण झाली, तरी तो माणूस म्हणून उरतो. देवाच्या बाबतीत असे वेगळे काढता येत नाही. त्याच्या अंगी न्याय आहे आणि शेजारी प्रीतीही आहे, असे नसून जो देव न्यायी आहे तो पूर्णपणे न्यायी आहे आणि तोच पूर्णपणे प्रीती आहे. योहानाच्या पहिल्या पत्रात ‘देव प्रेमळ आहे’ असे विशेषण न वापरता ‘देव प्रीती आहे’ असे नाम वापरले आहे, याचे महत्त्व या ठिकाणी कळते. त्याची प्रीती न्यायी असते आणि त्याचा न्याय प्रीतीचा असतो. एकाला आवर घालायला दुसऱ्याची गरज पडत नाही.

आपल्या मंडळीची परंपरा स्कॉटिश मिशनची आहे, असे आपण पत्रात कळवले आहे. त्या परंपरेतले मिशनरी जॉन विल्सन १८२९ साली मुंबईत आले, त्यांच्या चर्चमध्ये पिढ्यान्‌पिढ्या मुलांकडून जी वेस्टमिन्स्टरची लघु प्रश्नोत्तरावली पाठ करून घेतली जात असे, ती १६४७ सालची आहे. तिच्या १०७ प्रश्नांपैकी चौथा प्रश्न ‘देव काय आहे?’ असा आहे. उत्तराचा आशय असा की, देव आत्मा आहे, आणि तो आपले अस्तित्व, ज्ञान, सामर्थ्य, पवित्रता, न्याय, चांगुलपणा व सत्य या सर्वांत अनंत, सनातन आणि अविकारी आहे. या उत्तराची रचना पाहा. ज्ञान, न्याय, चांगुलपणा हे शब्द माणसालाही लागू पडतात, कारण देवाने त्यांचा अंश आपल्याला दिला आहे. अनंत, सनातन, अविकारी हे तीन शब्द कुणाही माणसाला लागू पडत नाहीत. आणि हे तीन शब्द यादीत वेगळे बसवलेले नाहीत, ते उरलेल्या सातही शब्दांवर पसरले आहेत. न्याय अनंत, चांगुलपणाही अनंत. ज्ञान अविकारी, सत्यही अविकारी. मला या उत्तरात एकच उणीव नेहमी जाणवत आली आहे, ती म्हणजे त्यात ‘प्रीती’ हा शब्द स्वतंत्रपणे येत नाही. चांगुलपणात ती अध्याहृत आहे, असे जाणकार सांगतात, पण मुलांना शिकवताना मी तो शब्द उघड घातला असता.

तेव्हा तक्ता फेकू नका. मधली रेघ पांढऱ्या रंगाने पुसा आणि सगळे शब्द एकाच शाईत लिहून घ्या; लिहिण्याचे काम त्या मुलीला द्या.

प्रश्न (दादर) : माझे घराणे वारकरी आहे. ख्रिस्ती मित्रामुळे मी पवित्र शास्त्र वाचतो. आपल्याकडे ज्ञानदेवांनी सगुण म्हणू की निर्गुण म्हणू असे विचारून दोन्ही एकच गोविंद असे सांगितले. तुमचा देव इतक्या गुणांचा, मग तो सगुणच म्हणायचा काय? आणि गुण लावले की मर्यादा आली, हे तुम्हाला मान्य नाही काय?

उत्तर : आपण विचारलेला प्रश्न मराठी ख्रिस्ती विचाराच्या मुळाशी आहे. त्याचे उत्तर देताना पहिली अडचण ‘गुण’ या शब्दाचीच येते. सांख्य मताने सत्त्व, रज आणि तम हे प्रकृतीचे तीन गुण आहेत, आणि त्या अर्थी निर्गुण म्हणजे प्रकृतीच्या पलीकडचा. या अर्थाने ख्रिस्ती माणूसही देवाला निःशंकपणे निर्गुण म्हणेल, कारण देव हा सृष्टीच्या द्रव्याचा बनलेला नाही, त्याने ती शून्यातून निर्माण केली. परंतु निर्गुण म्हणजे ज्याला ज्ञान नाही, इच्छा नाही, ज्याचे कुणावर प्रेम नाही, असा अर्थ घेतला, तर तो शब्द ख्रिस्ती माणसाच्या तोंडी बसत नाही. काशीत वाढलेले, १८४८ साली बाप्तिस्मा घेतलेले आणि १८९५ साली याच मुंबईत निवर्तलेले नेहेम्या नीळकंठशास्त्री गोरे यांनी या मुद्द्यावर आयुष्यभर विचार केला. ज्ञान आणि इच्छा नसलेल्या ब्रह्माची भक्ती कशी करावी, हा त्यांच्या लेखनातला कळीचा प्रश्न होता. वेदान्ताच्या बाजूने त्याला उत्तरे दिली गेली आहेत आणि ती आदराने वाचण्यासारखी आहेत, पण आपण विचारले आहे ते ख्रिस्ती मत, म्हणून तेवढेच सांगतो.

‘सगुण’ या शब्दाला आपल्याकडे ‘साकार’ हा शब्द चिकटून येतो, हीही एक अडचण. येशू शोमरोनी स्त्रीला सांगतो की, देव आत्मा आहे. म्हणजे तो निराकार आहे. तरीही प्रेषित पौल ख्रिस्ताला ‘अदृश्य देवाचे प्रतिरूप’ म्हणतो. देव निराकार, आणि तरी तो नासरेथच्या एका सुताराच्या घरी वाढलेल्या माणसात दिसला: या दोन विधानांपैकी एकही ख्रिस्ती माणसाला सोडता येत नाही. म्हणून ‘सगुण की निर्गुण’ या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

आता मर्यादेविषयी. मर्यादा येते ती आपल्या शब्दाला. ‘चांगला’ हा शब्द आपण शेजाऱ्याला लावतो तेव्हा आणि देवाला लावतो तेव्हा त्याचा अर्थ अगदी तोच नसतो, पण तो अगदी वेगळाही नसतो. अगदी वेगळा असता, तर देवाला चांगला म्हणणे हा निव्वळ आवाज ठरला असता. अक्वायनसने यासाठी आरोग्याचे उदाहरण दिले, आणि मराठीतही ते चालते. मूल निरोगी असते, आणि महाबळेश्वरची हवाही निरोगी असते. हवेला काही ताप येत नाही की खोकला होत नाही, तरी तिला तो शब्द उगाच लावलेला नसतो, कारण ती मुलाच्या आरोग्याला कारण होते. देवाविषयीचे शब्द असे नात्याने चालतात. फरक एवढाच की, अक्वायनसच्या मते देव आपल्या चांगुलपणाचे नुसते कारण नाही, चांगुलपणा आधी आणि पूर्णपणे त्याचा आहे आणि मग आपला. १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेने, म्हणजे चर्चच्या धर्मसभेने, याला कुंपण घातले, ते असे की, निर्माणकर्ता आणि निर्मिती यांच्यात कितीही मोठे साम्य दाखवले, तरी त्यांच्यातला भेद त्याहून मोठाच राहील.

आपण ओवीच्या घरातले आहात, म्हणून शेवटी एक ओवी. इंग्लंडात जन्मलेले जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले आणि त्यांनी मराठीत रचलेले ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. त्याचा आरंभ असा आहे: “ओं नमो विश्वभरिता । देवा बापा सर्वसमर्था । परमेश्वरा सत्यवंता । स्वर्गपृथ्वीच्या रचणारा ॥” सर्वव्यापकता, सर्वसामर्थ्य, सत्य आणि सृष्टीचे कर्तेपण हे देवाचे चार मोठे गुण चार चरणांत आले, आणि त्यांच्या ऐन मध्ये ‘देवा बापा’ ही हाक आली. त्या कवीने व्याख्या सांगितली नाही, त्याने नमन केले. गुणवाचक शब्दांचे खरे घर तिथे, संबोधनाच्या विभक्तीत आहे, असे मला वाटते.

प्रश्न (विलेपार्ले) : देव सर्वसमर्थ असेल, तर स्वतःलाच उचलता येणार नाही असा दगड तो निर्माण करू शकेल काय? महाविद्यालयात मित्र हा प्रश्न विचारून मला गप्प करतात.

उत्तर : ‘सर्वसमर्थालाही न उचलवणारा दगड’ हे शब्द व्याकरणाने जोडलेले आहेत, पण त्यांना अर्थ नाही, जसा ‘चौकोनी वर्तुळ’ याला नाही. अर्थच नसलेली गोष्ट करता न येणे ही सामर्थ्यातली उणीव नव्हे. पवित्र शास्त्र तर त्याहून पुढे जाऊन देवाला काय अशक्य आहे ते स्पष्ट सांगते: तो खोटे बोलू शकत नाही, आणि तो स्वतःला नाकारू शकत नाही. ज्याला हे अशक्य आहे, त्याच्याच सामर्थ्यावर विसंबता येते. मित्रांना हे जरूर सांगा, आणि वाद तिथेच थांबवा. उरलेला तास अभ्यासाला द्या.

प्रश्न (वांद्रे) : आमच्याकडे एक वृद्ध नातेवाईक असे समजावतात की, पिता न्यायी, पुत्र दयाळू आणि पवित्र आत्मा सामर्थ्यवान. तिघांत गुणांची अशी वाटणी आहे काय?

उत्तर : नाही. हा मुलुंडच्या तक्त्यातलाच घोटाळा आहे, फक्त इथे रकाने तीन झाले आहेत. ३२५ साली निकेया येथे भरलेल्या परिषदेने पुत्र हा पित्याशी एकतत्त्व आहे असे ठरवले, त्याचा एक अर्थ असा की, पित्याचे जे दैवी गुण तेच पुत्राचे. अथानासियाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्राचीन मतांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या ठरीव घोषणेत, हे ठसवण्यासाठी एकेक गुण घेऊन सांगितले आहे: पिता सर्वसमर्थ, पुत्र सर्वसमर्थ, पवित्र आत्मा सर्वसमर्थ, आणि तरी सर्वसमर्थ तीन नाहीत, सर्वसमर्थ एकच आहे. सनातन, अमर्याद हेही तसेच. भेद आहे तो परस्परांच्या नात्यात आहे: पुत्र पित्यापासून जन्मलेला, पिता कुणापासूनही नाही.

आपल्या वडीलधाऱ्यांना दुखवू नका, पण पित्याचा राग आणि पुत्राची दया असे चित्र मुलांच्या मनात बसू देऊ नका. योहानाच्या शुभवर्तमानातले सर्वांना पाठ असलेले वचन सांगते की, देवाने जगावर प्रीती केली म्हणून पुत्र दिला. रागावलेल्या पित्याला शांत करण्यासाठी पुत्र मध्ये पडला, असे ते म्हणत नाही.

प्रश्न (परळ) : माझे वडील लालबागच्या गिरणीत साचेवाले होते. १९८२ च्या संपानंतर गिरणी त्यांच्यासाठी पुन्हा उघडली नाही आणि त्यांचा हिशेबही कधी पुरा मिळाला नाही. पुढची वीस वर्षे त्यांनी रात्रपाळीचा वॉचमन म्हणून काढली. गेल्या पावसाळ्यात ते कर्करोगाने गेले. शेवटच्या आठवड्यात मंडळीतले एक गृहस्थ भेटायला आले, पलंगाच्या पायथ्याशी उभे राहून म्हणाले, “देव न्यायी आहे. जुना काही हिशेब राहिला असेल, तो फेडून घेतोय.” बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त चादरीची कड मुठीत धरली. मला तो हात विसरता येत नाही. देवाचा न्याय असा असतो का? आणि असा असेल तर प्रीती कुठे गेली?

उत्तर : ताई, आपले पत्र मी अनेकदा वाचले. त्या गृहस्थांचे वाक्य चुकीचे होते, आणि ते केवळ निर्दयपणाचे होते म्हणून चुकीचे नव्हते, तर पवित्र शास्त्राच्या कसोटीवरच ते चुकीचे होते. हे मी स्पष्ट लिहितो, कारण अशी वाक्ये देवाच्या बाजूने बोलल्याच्या आविर्भावात उच्चारली जातात आणि ऐकणारा मुकाट राहतो.

ईयोबाच्या पुस्तकात तीन मित्र आजारी ईयोबाजवळ बसून नेमके हेच म्हणतात: देव न्यायी आहे, तू भोगतो आहेस, अर्थात तू काहीतरी केले असशील. त्यांची भाषणे भक्तीने ओथंबलेली आहेत. आणि पुस्तकाच्या शेवटी देव त्यांना म्हणतो की, माझा कोप तुमच्यावर भडकला आहे, कारण माझा सेवक ईयोब याच्याप्रमाणे माझ्याविषयी तुम्ही यथार्थ बोलला नाही. देवाच्या न्यायाचा कैवार घेणाऱ्यांना देवच हे सुनावतो. येशूनेही हा हिशेब दोनदा मोडून काढला. जन्मांध माणूस पाहून शिष्यांनी विचारले की, पाप याने केले की याच्या आईबापांनी. त्याने सांगितले की, याने नाही आणि यांनीही नाही. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे दगावली तेव्हा त्याने विचारले की, ते अठरा जण यरुशलेमातल्या बाकीच्यांपेक्षा अधिक अपराधी होते असे तुम्हाला वाटते काय. आणि उत्तरही त्यानेच दिले: नाही. पश्चात्ताप ऐकणाऱ्यांनी करावा, मेलेल्यांच्या पापांची मोजदाद करू नये, असा त्याचा रोख होता. दर पावसाळ्यात जुन्या इमारती कोसळल्याच्या बातम्या वाचणाऱ्या आपल्या शहराने हा उतारा जवळ ठेवावा.

मग देवाचा न्याय म्हणजे काय? जुन्या करारात न्याय हा शब्द बहुतेक वेळा शिक्षेच्या आधी सोडवणुकीसाठी येतो. अनुवाद या पुस्तकात देवाची थोरवी सांगताना म्हटले आहे की, तो अनाथ आणि विधवा यांचा न्याय करतो आणि परक्याला अन्नवस्त्र देतो. अनाथाचा न्याय करणे म्हणजे अनाथाला शिक्षा करणे नव्हे, त्याचे बुडालेले त्याला मिळवून देणे. आणि याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात, ताई, आपल्या वडिलांची गोष्ट जवळजवळ शब्दशः आहे. तिथे धनवानांना बजावले आहे की, तुमची शेते कापणाऱ्या कामकऱ्यांची जी मजुरी तुम्ही अडकवून ठेवली ती ओरडत आहे, आणि त्यांच्या हाका सेनाधीश प्रभूच्या कानी गेल्या आहेत. गिरणगावात ‘हिशेब’ या शब्दाचा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे: फंड, ग्रॅच्युइटी, हक्काचा पैसा. देवाच्या दरबारी आपल्या वडिलांचा काही हिशेब राहिला असेल, तर तो त्यांनी द्यायचा नसून त्यांना मिळायचा आहे, असे हा अध्याय वाचून मी म्हणेन. त्यांची पापे नव्हती असे मी म्हणत नाही, माझी आहेत तशी त्यांचीही असतील. पण त्यांची क्षमा क्रूसाशी बांधलेली आहे, कर्करोगाशी नाही.

प्रीती कुठे गेली, हा आपला दुसरा प्रश्न. त्यांना हा आजार का आला, याचे कारण मी सांगू शकत नाही. ईयोबालाही ते सांगितले गेले नाही. देव वादळातून त्याच्याशी बोलला, पृथ्वीच्या पायाविषयी, समुद्राविषयी, रानगाढवाविषयी बोलला, पण त्याच्या दुःखाचे कारण त्याने सांगितले नाही; आणि तरी देव बोलला एवढ्यावर ईयोबाचे मन ठरले. प्राचीन चर्चने देव विकारांच्या अधीन नाही असे शिकवले, म्हणजे दुःख त्याला आपल्यासारखे फरफटत नेत नाही. काहींना ही शिकवण थंड वाटते. पण त्याच चर्चने तितक्याच ठामपणे सांगितले की, क्रूसावर जो मेला तो देवाचा पुत्रच होता, आणि आपला मित्र लाजार याच्या कबरीपाशी जो रडला तोही तोच. पलंगाच्या पायथ्याशी उभे राहून हिशेब सांगणारा देव शुभवर्तमानांत मला कुठे सापडत नाही. कुष्ठरोग्याला हात लावणारा सापडतो. चादरीची कड धरलेली ती मूठ त्याने धरली असती, असे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो.

त्या गृहस्थांशी बोलावे की नाही, ते आपण ठरवा. आपल्या पाळकांशी मात्र बोला, आणि हे पत्र त्यांना दाखवायचे असेल तर दाखवा.

प्रश्न (मढ) : आमचे मासेमारीचे घर. एक ऑगस्टला बंदी उठून बोट निघते, तेव्हा माझी आई खलाशांची एकेक नावे घेऊन प्रार्थना करते. देव बदलत नाही आणि त्याला सगळे आधीच माहीत आहे, तर आईच्या प्रार्थनेने काय फरक पडतो?

उत्तर : पवित्र शास्त्र ही अडचण लपवत नाही. पहिल्या शमुवेलाच्या पंधराव्या अध्यायात अकराव्या वचनात देव म्हणतो की, शौलाला राजा केल्याचा मला अनुताप होत आहे. आणि त्याच अध्यायाच्या एकोणतिसाव्या वचनात संदेष्टा शमुवेल म्हणतो की, अनुताप करायला तो काही मनुष्य नव्हे. लिहिणाऱ्याला दोन्ही विधाने जवळजवळ दिसत होती, आणि त्याने एकही खोडले नाही. शौल फिरला तेव्हा देवाशी असलेले त्याचे नाते बदलले, आणि तो बदल माणसांच्या भाषेत अनुताप म्हणून सांगितला गेला. देवाचे वचन आणि स्वभाव मात्र फिरले नाहीत. योना संदेष्ट्याची तक्रार नेमकी हीच आहे. निनवेच्या लोकांनी पश्चात्ताप केला आणि देवाने अनर्थ टाळला, तेव्हा योना चिडून म्हणतो की, तू कृपाळू, कनवाळू आणि मंदक्रोध आहेस हे मला आधीच माहीत होते, म्हणूनच मी तार्शीशाला पळालो होतो. देवाने निर्णय फिरवला याचा त्याला धक्का बसला नाही. देव नेहमीसारखाच वागला, याचा त्याला राग आला.

आपल्या धंद्यातलेच सांगतो. उधाणाची मोठी भरती कधी आणि भांगाची लहान भरती कधी, हे तिथीवरून आपल्याला आधीच कळते, आणि कळते म्हणूनच डोल, म्हणजे पाण्याच्या वाटेतले पिशवीसारखे जाळे, कुठे आणि केव्हा लावायची ते ठरवता येते. जाळे भरतीला बोलावून आणत नाही, ते तिच्या वाटेत उभे राहते. पाणी लहरीवर येत असते, तर कुणीच डोल लावली नसती. देव अविकारी आहे हे प्रार्थनेच्या आड येत नाही. तो आज एक आणि उद्या दुसरा असता, तर प्रार्थना करण्यात अर्थ उरला नसता. त्याला सगळे आधीच माहीत आहे, यात आईची प्रार्थनाही आली. ज्या वाटांनी तो आपले काम करतो, त्यांतली ती एक वाट आहे, असे अक्वायनसने शिकवले.

मात्र हा दाखला एका ठिकाणी तुटतो, आणि दादरच्या वाचकांना लिहिलेले इथेही लागू पडते: साम्यापेक्षा भेद मोठा. भरतीला खलाशांची नावे माहीत नसतात. येशूने डोंगरावर सांगितले की, तुमच्या गरजा तुम्ही मागण्यापूर्वीच तुमच्या पित्याला ठाऊक आहेत. आणि हे सांगून त्याने लगेच मागायला शिकवले, रोजची भाकरसुद्धा. आईंना माझा सलाम सांगा. येत्या एक ऑगस्टला त्या नावे घेतील, तेव्हा शेजारी उभे राहून त्यांच्या सुटलेल्या एखाद्या नव्या खलाशाचे नाव आपण घ्या.